पुठ्ठ्यातून निघालेलं पान: मध्ययुगीन इंग्लिश धर्मसंगीताचे तुकडे कसे वाचावेत

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चसंगीताचं बरंचसं साहित्य अखंड ग्रंथांत टिकलेलं नाही. ते टिकलं दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यात, अस्तरात, पाठीच्या पट्ट्यांत आणि हिशेबाच्या वह्यांच्या वेष्टनात. आता यातली पुष्कळ पानं घरबसल्या पाहता येतात आणि संगीत शिकलेली मराठी मंडळीही ती हौसेनं वाचू लागली आहेत. पण मला दाखवल्या जाणाऱ्या लिप्यंतरांत त्याच त्या चुका असतात. पान उघडलं की डोळे थेट स्वरांवर जातात, स्वर भराभर उतरवले जातात, आणि मग 'दोन आवाजांची अज्ञात रचना सापडली' असा निष्कर्ष निघतो. नंतर कळतं की पान आडवं होतं, अर्धे आवाज समोरच्या हरवलेल्या पानावर होते आणि रचना अज्ञात नव्हती.

तुकडा वाचायची सुरुवात कात्रीच्या कडेपासून करायची, मग शब्द बघायचे आणि स्वर सगळ्यात शेवटी. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत आणि क्रम मोडायचा नाही.

पूर्वतयारी: हाताशी काय हवं

प्रतिमांसाठी पहिला थांबा म्हणजे डायम. मध्ययुगीन पॉलिफनीच्या, म्हणजे अनेक आवाजांच्या संगीताच्या हस्तलिखितांचा हा डिजिटल संग्रह १९९८ मध्ये सुरू झाला. नोंदणी केली की मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात. एका आवाजातल्या प्लेनचान्टसाठी कॅन्टस डेटाबेस वापरा. त्यात गीताच्या शब्दांवरून आणि बऱ्याच ठिकाणी सुरावटीवरूनही शोधता येतं. प्रतिमेवर काम करायला गिंप पुरेसं आहे आणि स्वर मांडायला म्यूझस्कोर. दोन्ही फुकट मिळतात.

सरावासाठी वुस्टरचे तुकडे घ्या. वुस्टर कॅथीड्रलच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या मठातली तेराव्या शतकातली आणि चौदाव्याच्या सुरुवातीची ही पानं आज विखुरलेली आहेत: वुस्टर कॅथीड्रल ग्रंथालयात ॲडिशनल ६८, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात लॅटिन लिटर्जिकल डी २०, ब्रिटिश लायब्ररीत ॲडिशनल २५०३१ (हे शेल्फमार्क, म्हणजे हस्तलिखितांचे ग्रंथालयातले क्रमांक). एका मठाचं संगीत तीन ठिकाणी कसं पोचतं आणि ते पुन्हा कसं जुळवतात, हे शिकायला याहून चांगला संच मला माहीत नाही.

प्रत्यक्ष ग्रंथालयात जाणार असाल तर फक्त पेन्सिल, मिलिमीटरची मऊ पट्टी आणि स्वच्छ, कोरडे हात एवढं न्या. चर्मपत्राला हातमोजे घालू नका. बोटांना कड जाणवत नाही आणि ती फाटायची भीती वाढते.

सावधान: चिकटलेलं अस्तर उचलून दाखवा, असं ग्रंथपालांना कधीही म्हणू नका. बांधणी हाच अर्धा पुरावा आहे. तुकडा सुटा झाला की तो गेला.

पायरी १: यजमान पुस्तक आधी वाचा

ज्या पुस्तकात तुकडा सापडला ते यजमान पुस्तक. त्याच्याविषयी चार गोष्टी लिहा: ते काय आहे, कुठे आणि कधी लिहिलं वा छापलं गेलं, कुठे बांधलं गेलं, आणि पहिला मालक कोण.

इथे छपाईचं गाव आणि बांधणीचं गाव यांची हमखास गल्लत होते. बासेलला छापलेलं पुस्तक सुट्या फर्म्यांच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, रूपात इंग्लंडमध्ये येई आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा बांधणीवाला त्याला पुठ्ठे घाली. अस्तरातलं चर्मपत्र बांधणीवाल्याच्या रद्दीतलं असतं, छापखान्यातलं नसतं. म्हणून चामड्यावरचे ठसे, जुन्या मालकांच्या सह्या आणि किमतीच्या खुणा बघा. त्यातूनही एवढंच कळतं की ही रद्दी अमुक गावात होती. ते संगीत कुठे गायलं गेलं हा पुढचा प्रश्न आहे, कारण रद्दी विकली जाई आणि गावोगाव फिरे.

दुसरी गल्लत काळाची. सगळेच तुकडे सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात फाडले गेले असं गृहीत धरलं जातं. १५३६ ते १५४० दरम्यान मठ बंद झाले आणि १५४९-५० च्या कायद्यानं जुने लॅटिन पूजाग्रंथ नष्ट करायला लावले, तेव्हा चर्मपत्राचा पूर आला हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मठ स्वतःच आपलं जुनं संगीत मोडीत काढत होते. पॉलिफनीची शैली आणि लिपी पिढीगणिक बदले, जुनं पान कुणाला वाचता येईना, मग ते नव्या पुस्तकाच्या बांधणीत जाई. बरी सेंट एडमंड्सच्या मठातलं ई मुसेओ ७ हे बोडलियनमधलं हस्तलिखित पाहा: चौदाव्या शतकातल्या रचना, आणि टिकल्या त्या दुसऱ्याच ग्रंथाच्या कोऱ्या पानांच्या जागी.

तपासा: यजमान पुस्तकाची बांधणी १५३६ च्या आधीची आहे का? असेल तर संगीत 'फाडलं' गेलं की नुसतं 'जुनं झालं', याचा फेरविचार करा.

पायरी २: पान सरळ करा

पूजाग्रंथ मोठे असत, यजमान पुस्तकं बहुधा लहान. म्हणून बांधणीवाला मोठं पान नव्वद अंशांत फिरवी, मधोमध दुमडी आणि उरलेलं कापून टाकी. स्कॅन यजमान पुस्तकाच्या दिशेनं काढलेला असतो. त्यामुळे स्टाफच्या, म्हणजे स्वर मांडायच्या पट्ट्याच्या, रेषा उभ्या दिसल्या तर घाबरू नका, प्रतिमा फिरवा.

मग या गोष्टी क्रमानं ठरवा:

१. मूळ वरची बाजू कोणती? शब्द नेहमी स्टाफच्या खाली असतात. अक्षरं पुसली असतील तर क्लेफ, म्हणजे रेषेवर कुठला स्वर आहे ते सांगणारी खूण, शोधा. तो डाव्या टोकाला येतो.

२. कुठली कड मूळची आणि कुठली कात्रीची? मूळ कडेजवळ रेषा आखण्यासाठी टोचलेल्या बारीक छिद्रांची रांग दिसू शकते. कात्रीची कड अक्षर किंवा स्वर मधूनच छाटते.

३. घडी मूळची की दुसऱ्या जन्मातली? मूळ घडीवर शिवणीची भोकं असतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना समास असतो. नंतरची घडी सरळ मजकुरावरून जाते.

४. पुढची बाजू आणि मागची बाजू. कॅटलॉगमधली पुढची बाजू अनेकदा यजमान पुस्तकाच्या हिशेबानं ठरवलेली असते. मूळ ग्रंथाची पुढची बाजू मजकुराच्या क्रमावरूनच ठरवा आणि दोन्ही क्रमांक शेजारी लिहून ठेवा.

चिकटवलेलं पान पूर्वी कुणी उचललं असेल तर पुठ्ठ्याच्या लाकडावर शाईची उलटी छाप राहते. तिची प्रतिमा गिंपमध्ये आडवी पलटवली की ती वाचता येते. पानावर पुसट झालेला स्वर लाकडावर स्पष्ट उमटलेला मी पाहिला आहे. म्हणून पुठ्ठ्याचा फोटोही मागून घ्या.

सावधान: किड्यांची भोकं जुळली म्हणून दोन पट्ट्या मूळ ग्रंथात शेजारी होत्या असं म्हणू नका. कीड बहुधा यजमान पुस्तकाच्या काळातली असते. जुळवायच्याच असतील तर स्टाफच्या रेषा, अक्षरांचे छाटलेले भाग आणि शिवणीची पहिली भोकं जुळवा.

पायरी ३: जोडपान असेल तर थांबा

दोन पानं घडीनं जोडलेली दिसली की वाचक डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातात. हे जवळजवळ नेहमी चुकतं. आठ पानांच्या फर्म्यातलं सगळ्यात बाहेरचं जोडपान तुमच्या हातात असेल, तर डाव्या आणि उजव्या पानाच्या मध्ये सहा पानं, म्हणजे बारा पृष्ठं, गायब आहेत. फक्त फर्म्याच्या मधोमधचं जोडपान सलग वाचता येतं.

पॉलिफनीत याहून मोठा सापळा आहे. क्वायरबुक पद्धतीत उघडलेल्या दोन समोरासमोरच्या पृष्ठांवर मिळून सगळे आवाज मांडलेले असतात आणि गायक एकाच ग्रंथाभोवती उभे राहून गात. म्हणजे एकट्या सुट्या पानाच्या पुढच्या बाजूवर एका रचनेचे उजवीकडचे आवाज आणि मागच्या बाजूवर दुसऱ्या रचनेचे डावीकडचे आवाज असतात. सुटं पान हे दोन रचनांचं अर्धं-अर्धं असतं. दोन आवाज दिसले म्हणून 'द्विस्वरी रचना' लिहू नका. 'दोन आवाज उरले आहेत' असं लिहा.

पायरी ४: मोजमाप

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि तेच महागात पडतं. विखुरलेले तुकडे एकाच ग्रंथाचे आहेत का, हे आधी मापांवरून कळतं.

नोंदवा: तुकड्याची सर्वांत मोठी उंची आणि रुंदी. स्टाफची उंची, म्हणजे सर्वांत खालच्या रेषेपासून सर्वांत वरच्या रेषेपर्यंत. एका स्टाफच्या तळरेषेपासून पुढच्या स्टाफच्या तळरेषेपर्यंतचं अंतर. स्टाफमधल्या रेषांची संख्या आणि रंग. लिहिलेल्या भागाची रुंदी, दोन्ही बाजू शाबूत असतील तरच. प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्या, कारण चर्मपत्र आक्रसतं.

पान उभं कापलं असेल आणि शब्द ओळखता आले, तर मूळ रुंदी काढता येते. मासमधल्या, म्हणजे ख्रिस्ती मुख्य पूजाविधीतल्या, ग्लोरिया या स्तुतिगीताचं उदाहरण घेऊ. समजा उजवी बाजू कापली गेली आहे आणि ओळींत एवढंच उरलं आहे:

पहिली ओळ: लाउदामुस ते बेनेदि—
दुसरी ओळ: —मुस ते ग्लोरिफिका—
तिसरी ओळ: —जिमुस तिबि प्रोप्तेर माग—

पूर्ण मजकूर ठरलेला आहे: 'लाउदामुस ते, बेनेदिचिमुस ते, आदोरामुस ते, ग्लोरिफिकामुस ते, ग्रात्सिआस आजिमुस तिबि प्रोप्तेर माग्नाम...'. पहिल्या ओळीत सात शब्दावयव (सिलॅबल) उरले आहेत. दुसरी ओळ सुरू होण्याआधी 'चिमुस ते आदोरा' हे सहा गळाले. म्हणजे मूळ ओळ तेराची. दुसऱ्या ओळीत सहा उरले, 'मुस ते ग्रात्सिआस आ' हे सहा गेले, म्हणजे ओळ बाराची. उरलेली रुंदी १०५ मिलिमीटर असेल, तर पहिल्या ओळीवरून मूळ रुंदी १९५ येते (१०५ भागिले ७, गुणिले १३) आणि दुसरीवरून २१०. उत्तर 'सुमारे १९५ ते २१० मिलिमीटर' असंच लिहायचं, एकच आकडा द्यायचा नाही.

सावधान: हा हिशेब एका अवयवाला एक-दोन स्वर असतील तिथेच चालतो. ग्रॅज्युअल किंवा अलेलुया या मासमधल्या गीतांत एकाच अवयवावर वीस-तीस स्वर येऊ शकतात. तिथे अवयव मोजू नका. तेच गीत दुसऱ्या पूर्ण हस्तलिखितात शोधून त्याचे स्वर मोजा.

पायरी ५: शब्द ओळखा

माझा सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर जातो आणि तुमचाही जावा. शब्द सापडले तर सण सापडतो, सण सापडला तर ग्रंथाचा प्रकार, आणि मग स्वर वाचणं निम्म्यानं सोपं होतं.

अक्षरांची अडचण अशी की गॉथिक लिपीत आय, एन, यू, एम ही अक्षरं एकाच उभ्या दांड्यापासून बनतात. 'दोमिनुम' लिहिलं की 'ओ'नंतर एकामागोमाग एक अकरा दांडे येतात: तीन, एक, दोन, दोन, तीन. अक्षर 'दिसेल' म्हणून ताटकळू नका. दांडे मोजा आणि लॅटिनमध्ये बसणारा शब्द शोधा. लांब एस आणि एफ यांचीही गल्लत होते. एफची आडवी रेघ दांड्याच्या पलीकडे जाते.

संक्षेप सगळीकडे असतात. अक्षरांवर आडवी रेघ असेल तर मधलं काही गाळलं आहे. एक्स-पी-ओ वर रेघ म्हणजे 'क्रिस्तो', कारण ती मुळातली ग्रीक अक्षरं आहेत. 'एक्सपो' वाचून शोधलंत तर काहीच सापडणार नाही. आरच्या शेपटीवर तिरपी रेघ म्हणजे रिस्पॉन्सरी (पाठानंतर गायचं गीत), व्ही वर रेघ म्हणजे तिचं कडवं.

ओळीच्या शेवटी ई-यू-ओ-यू-ए-ई अशी अक्षरं स्वरांखाली दिसली तर ते अगम्य नाव नाही. 'सेकुलोरुम आमेन' या शब्दांतली ती स्वराक्षरं आहेत आणि अँटिफननंतर (स्तोत्राला जोडून गायच्या छोट्या गीतानंतर) स्तोत्र कुठल्या चालीत संपवायचं याची ती खूण आहे. ही खूण दिसली की तुमच्यासमोर बहुधा मासचा ग्रंथ नसून दिवसभराच्या प्रार्थनांचा ग्रंथ आहे असं मानून शोध सुरू करा.

डेटाबेसमध्ये शोधताना स्पेलिंग दोन्ही प्रकारे टाका. शास्त्रीय लॅटिनमध्ये जिथे ए आणि ई ही दोन अक्षरं येतात तिथे मध्ययुगीन लेखनिक नुसता ई लिहितो. टी-आयच्या जागी सी-आय लिहितो. 'मिही' शब्दात एचच्या आधी सी घालतो. पहिले दोन-तीन शब्द गेले असतील तर मधल्या शब्दांवरून शोधा. बहुतेक जण सुरुवातीच्या शब्दांपलीकडे जातच नाहीत.

तपासा, मठ की बिगरमठी चर्च: मोठ्या सणाच्या पहाटप्रार्थनेत बेनेडिक्टाइन मठांत बारा रिस्पॉन्सरी असत, प्रत्येक भागात चार. सॉल्झबरी, यॉर्क, हेरफर्ड यांच्या रिवाजात नऊ, प्रत्येक भागात तीन. पानावर एका भागात चौथी रिस्पॉन्सरी दिसली तर ते पान मठाचं. मात्र 'कॅथीड्रल म्हणजे बिगरमठी' असं समजू नका. वुस्टर, डरम, विंचेस्टर आणि कँटरबरी ही कॅथीड्रलं मठवासींचीच होती.

तपासा, संत थॉमस: १५३८ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं कँटरबरीच्या थॉमस बेकेटचं नाव सर्व ग्रंथांतून खोडायचा हुकूम काढला. तुमच्या पानावर २९ डिसेंबरच्या सणाचं 'पास्तोर चेसुस इन ग्रेजिस मेदिओ' हे गीत आहे आणि ते खरवडलेलं किंवा त्यावर काट मारलेली आहे, तर हा ग्रंथ १५३८ मध्ये अजून कुणाच्या तरी हातात होता. तो त्यानंतरच फाटला. उलट अनुमान मात्र काढू नका. नाव शाबूत असेल तर ग्रंथ आधीच मोडला असेल, किंवा खोडायची आज्ञा कुणी मनावर घेतली नसेल. असं एखादं पान मोठं करून पाहिलं की चाकूनं चर्मपत्राचा पापुद्रा निघालेला दिसतो, आणि त्याच्या वरचे स्वर मात्र कुणी शिवलेले नसतात. संताचं नाव गेलं, चाल राहिली.

पायरी ६: प्लेनचान्ट की पॉलिफनी

आता स्वरांकडे या, पण अजून वाचू नका, मांडणी बघा. इंग्लंडमधलं प्लेनचान्ट बहुधा चार लाल रेषांवर असतं आणि पॉलिफनी अनेकदा पाच रेषांवर. नुसत्या रेषा मोजून मात्र निर्णय देऊ नका. दोन किंवा तीन स्टाफ एकावर एक असून त्या सगळ्यांच्या खाली शब्दांची एकच ओळ आहे का? असेल तर ती इंग्लंडमध्ये फार प्रचलित असलेली स्कोअर पद्धत. शब्द फक्त सर्वांत खालच्या आवाजाखाली लिहिलेले असतात आणि तेच शब्द सगळे आवाज गातात. वरच्या ओळींखाली शब्द नाहीत म्हणून त्या वाद्यांसाठी आहेत, हा निष्कर्ष चुकीचा.

अशा स्कोअरमध्ये मूळ प्लेनचान्टची चाल अनेकदा मधल्या आवाजात असते, कधी मूळ पट्टीपासून वर सरकवून ठेवलेली. वाचक ती खालच्या आवाजात शोधतात, सापडत नाही, आणि 'स्वतंत्र रचना' असा शेरा मारून मोकळे होतात. मधला आवाज वेगळा लिहून काढा आणि मग डेटाबेसमध्ये चालीनं शोधा.

पायरी ७: क्लेफ म्हणजे सा नव्हे

ही चूक खास आपली आहे. आपला कान सा धरून ऐकतो, म्हणून सी क्लेफ दिसला की त्या रेषेला षड्ज मानलं जातं आणि अख्खं गीत बिलावलच्या चौकटीत बसवलं जातं.

क्लेफ एवढंच सांगतो की या रेषेच्या लगेच खाली अर्ध्या स्वराचं अंतर आहे. सी क्लेफ असो वा एफ क्लेफ, दोन्हींचा अर्थ हाच. गीत कुठल्या स्वरावर विसावतं हे त्याचा शेवट सांगतो. डी वर संपणाऱ्या गीतात डीला सा मानलंत तर सप्तक काफीसारखं येतं, ई वर संपणाऱ्यात भैरवीसारखं, जी वर संपणाऱ्यात खमाजसारखं. हे साम्य फक्त स्वरांतरांपुरतं आहे. रागाची चलनं इथे शोधू नका.

शेवट कापला गेला असेल तर विसाव्याचा स्वर ठरवायची घाई करू नका. डावी बाजूच कापली गेली असेल तर क्लेफही गेलेला असतो. तेव्हा असं करा: स्वरांचे फक्त चढउतार लिहा (वर दोन, खाली एक, तोच), पायरी ५ मध्ये सापडलेल्या गीताची चाल दुसऱ्या हस्तलिखितातून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. क्लेफ कुठल्या रेषेवर होता हे लगेच उलगडतं. ओळीच्या शेवटी कस्टोस, म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला स्वर दाखवणारी बारीक खूण असेल, तर ती सोन्यासारखी जपा. पुढच्या ओळीची कापली गेलेली सुरुवात तीच परत देते.

सावधान: क्लेफ ओळीच्या मध्येही बदलतो. सुरावट अचानक चमत्कारिक उंच गेली तर आधी क्लेफ शोधा, मग रचनाकाराच्या धाडसाचं कौतुक करा.

पायरी ८: लय आणि काळ

तेराव्या शतकातल्या इंग्लिश पॉलिफनीत ब्रेव्ह ही टीप (स्वर आणि त्याचा काळ दाखवणारी खूण) बऱ्याचदा चौकोनी नसून तिरप्या समभुज आकाराची असते. युरोप खंडातल्या पद्धतीवर शिकलेला वाचक तिला सेमिब्रेव्ह, म्हणजे तिच्याहून कमी काळाची टीप, समजतो आणि सगळी लय कोसळते. पानावर तिरप्या टिपा पुष्कळ आणि चौकोनी जवळजवळ नाहीतच, असं दिसलं तर तिरपी टीप म्हणजे ब्रेव्ह धरून एक ओळ करून बघा. आवाज एकमेकांशी जुळले तर तोच मार्ग.

काळ ठरवताना आणखी एक जपा. आतून पोकळ टिपा पंधराव्या शतकात रूढ झाल्या, म्हणून भरीव काळ्या टिपा म्हणजे त्याआधीचं पान, असं सर्रास लिहिलं जातं. इटन क्वायरबुक हे इंग्लिश हस्तलिखित १५०० च्या सुमाराचं आहे आणि भरीव काळ्या टिपांत लिहिलेलं आहे. टिपांचा आकार, अक्षराचं वळण, शैली आणि यजमान पुस्तक या चारही गोष्टी एकत्र ठेवूनच काळ सांगा, तोही पंचवीस-पन्नास वर्षांच्या पट्ट्यात.

पायरी ९: हरवलेला आवाज कधी भरायचा

बहुतेक वेळा भरायचा नाही. जागा रिकामी ठेवायची. पण इंग्लिश संगीतात एक प्रकार असा आहे जिथे हरवलेलं खरोखर परत मिळतं: रोंडेलस. तीन आवाज तीच तीन वाक्यं अदलाबदलीनं गातात.

पहिला आवाज: क ख ग
दुसरा आवाज: ख ग क
तिसरा आवाज: ग क ख

एका आवाजाचं पूर्ण पान उरलं असेल तरी तीनही वाक्यं त्यात आहेत. ती एकमेकांवर ठेवून बघा. प्रत्येक वाक्याची लांबी सारखी हवी आणि एकत्र गाताना सुरुवाती व शेवट नीट जुळायला हवेत. तसं झालं तर बाकीचे आवाज अंदाजाचे राहत नाहीत, ते सिद्ध होतात. वुस्टरच्या तुकड्यांत आवाजांची अशी अदलाबदल जागोजागी भेटते. 'अलेलुया प्साल्लात' हे त्यातलं नामांकित उदाहरण.

सरावासाठी ब्रिटिश लायब्ररीतलं हार्ली ९७८ घ्या, पान ११ ची मागची बाजू. तिथे रेडिंग मठाशी जोडलेलं 'सुमेर इज इकुमेन इन' पूर्ण टिकलेलं आहे, इंग्लिश शब्दांखाली 'पेर्स्पिचे क्रिस्तिकोला' हा लॅटिन धार्मिक मजकूरही आहे. पृष्ठाच्या तळाशी 'पेस' नावाचे दोन आवाज आहेत आणि ते दोन वाक्यांची अदलाबदल करत राहतात. त्यातला एक कागदानं झाका, उरलेल्यावरून दुसरा लिहा, मग कागद काढा. हे दोन-तीनदा केलंत की खऱ्या तुकड्यात अदलाबदल आहे की आपण ती लादतो आहोत, हे हाताला कळू लागतं.

सावधान: अदलाबदल बऱ्याचदा रचनेच्या एका भागापुरतीच असते. एक भाग जुळला म्हणून उरलेलाही त्याच साच्यात ढकलू नका.

पायरी १०: मांडणी आणि पत्र

आधी जसंच्या तसं लिप्यंतर करा: ओळी तिथेच तोडलेल्या, जोडटिपांवर कंस, वाचता न आलेल्या जागी प्रश्नचिन्ह. मग आधुनिक स्कोअर. त्यात गेलेली जागा कोऱ्या स्टाफनं दाखवा, विरामचिन्हानं दाखवू नका. विराम म्हणजे गायक तिथे गप्प होता असं विधान होतं. तुम्ही घातलेला प्रत्येक स्वर लहान आकारात, तुम्ही घातलेला प्रत्येक फ्लॅट (कोमल स्वराची खूण) टिपेच्या डोक्यावर. प्रतिमा उजळून किंवा रंग वेगळे करून काही वाचलं असेल तर कुठली प्रक्रिया केली ते त्या टिपेशी लिहा आणि मूळ प्रतिमा वेगळी जपून ठेवा.

ही रचना इतरत्र नाही असं म्हणण्याआधी प्रत्येक आवाजाचे शब्द स्वतंत्रपणे शोधा. मोटेट या अनेक आवाजांच्या रचनाप्रकारात प्रत्येक आवाजाचे शब्द बऱ्याचदा वेगळे असतात, आणि तुमच्या पानावर उरलेला आवाज दुसऱ्या ग्रंथात दुसऱ्याच आवाजाच्या नावाखाली नोंदलेला असू शकतो.

काही नवं सापडलंच तर ज्या ग्रंथालयात पान आहे त्यांना आधी कळवा. पत्र एका पानाचं ठेवा: पूर्ण शेल्फमार्क, पानाची बाजू (यजमानाच्या आणि मूळच्या, दोन्ही क्रमांकांत), ओळखलेले शब्द, ते कशावरून ओळखले, मोजमापं, आणि कुठली टीप कुठल्या प्रतिमेवरून वाचली. काळाचा अंदाज शेवटच्या ओळीत द्या, आणि त्याआधीच्या ओळीत लिहा की पानाची कुठली कड मूळची आहे आणि कुठली कापलेली.